शाळेच्या मैदानातली नदी

मित्रांनो, शाळेच्या कपाटात फुटक्या तराजूखाली कोंबलेला तो जुना दोर मीच. आधीच सांगतो, मी रागावलोय. गोड बोलणार नाही.

घायपाताच्या वाखापासून जोतीराम दोरवाल्यानं मला वळलं. दहा वर्षं मी ट्रॉलीतला ऊस आवळला. "लय चिवट हाय गड्या," असं कौतुक ऐकलं. मग कृष्णाकाठच्या आमच्या शाळेतल्या अंजनाबाईंनी मला निळ्या रंगात बुडवलं आणि नदी केलं.

महापुराच्या तालमीचा खेळ त्यांनी महिनाभर खपून रचला होता. मैदानावर फक्कीनं गाव आखलं: घरं, गोठे, उंचावरचं देऊळ. खुर्च्या म्हणजे म्हशी. दोन मुलं माझी टोकं धरून उभी. शिट्टी वाजली की मी तीन पावलं पुढं. ज्याच्या पायाला लागेन तो बुडाला, देवळात पोचला तो वाचला.

गाव खेळायला उतरलं. गुडघ्यांनी अधू मनुबाई आपल्या आखलेल्या घरात घोंगडं टाकून बसल्या. त्यांचा मुलगा उदयसिंह डोक्यावर खुर्ची घेऊन देवळाकडं पळाला. परत आला, दुसरी नेली. तोवर मी मनुबाईंच्या पायाला लागलो.

"मी मेले," त्या म्हणाल्या. "लिव्हा तसं."

"आगं आई, खेळ हाय ह्यो! खऱ्या येळंला सोडीन व्हय तुला?"

"खेळातबी तुला म्हस आदी आठवली रं."

सगळे हसले. मी नाही हसलो. पूरसमितीचे प्रमुख, निवृत्त सुभेदार दादासो यांनी अहवालात लिहिलं, 'सर्व सुखरूप'.

"आणि मनुबाई?" अंजनाबाईंनी विचारलं.

"त्यांना बघणाऱ्यांत धरा की, बाई."

बघणाऱ्यांत! उसाच्या ओझ्यानं माझा पीळ कधी सुटला नाही, तो त्या दिवशी सुटायला आला. फोटो निघाले आणि मी कपाटात गेलो. उंदरांनी एक टोक कुरतडलं. पावसाळा आठ दिवसांवर आला, तरी कुणाला माझी आठवण नाही.

आली ती मनुबाईंना. काल काठी टेकत त्या शाळेत आल्या. "बाई, काढ गं ती नदी. आन् गाव बोलव. ह्या खेपंला मी वढते."

गाव जमल्यावर माझ्या पोटाला त्यांनी एक सुती दोरी बांधायला लावली. तिचं टोक हातात घेऊन आपल्या घरात बसल्या आणि दातओठ खात मला स्वतःकडंच ओढू लागल्या. टोकं धरलेली पोरं फरफटली. उदयसिंह या वेळी आईकडंच निघाला होता. वाटेत फक्त एक खुर्ची उचलली, रेडकू म्हणून.

"टाका ती!" अंजनाबाई ओरडल्या.

टाकली. पण तो पोचेपर्यंत मी मनुबाईंच्या पायात होतो. दोन पावलं कमी पडली.

या वेळी कुणी हसलं नाही.

मित्रांनो, मला पुन्हा कपाटात टाकाल तर याद राखा. उद्या मैदानात पसरा, परवाही पसरा. खरी नदी शिट्टीची वाट बघत नाही, आणि उदयसिंहची दोन पावलं अजून बाकी आहेत.