एकोणिसावा कोअर

स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस तिने प्रोसेसरच्या पाठीवरून तिसऱ्यांदा फिरवला, तेव्हा कुठे वाळून खडखडीत झालेली करडी पेस्ट सुटली आणि खालची अक्षरं वर आली. पहिल्या ओळीत 'गोपनीय' असा शिक्का, दुसऱ्या ओळीत लांबलचक क्रमांक. मॉडेलचं नाव जिथे असायला हवं तिथे नुसता चकचकीत पत्रा.

"कुठून आणलास हा?"

ती दचकली. सासरे दारात उभे होते. घरात ही गोष्ट तशी नवलाचीच. सहा वर्षांत ते या खोलीत आले असतील ते फक्त खिडकी लावायला. कॉम्प्युटर सुरू असला की बाहेरूनच हाक मारायचे.

"विकत घेतला बाबा. जुन्या सामानाच्या साइटवरून."

"हा विकायचा नसतो," ते म्हणाले. "हा कंपनीकडे परत जायचा असतो."

त्यांचं खोटं नव्हतं. सर्व्हरचा नवा प्रोसेसर बाजारात यायच्या आधी वर्ष-दीड वर्ष कंपनी त्याचे नमुने बनवते, तपासायला म्हणून इथे-तिथे देते आणि काम झालं की मागून घेते. पण सगळेच परत जातात असं थोडंच आहे? काही कपाटात राहतात, काही भंगारात जातात आणि भंगारातून तिच्यासारख्यांच्या टेबलावर येतात. दुकानातल्याच्या मानाने अगदी मातीमोल भावात. अट एवढीच, की हमी मागायची नाही आणि कुठून आला ते विचारायचं नाही. पार्सल उघडलं तेव्हा तिचा नवरा म्हणाला होता, "नाव नाही, गाव नाही, आणि सरळ घरात घेतेस?"

तिला तो हवाच होता. वस्तुसंग्रहालयात फुटक्या भांड्यांचे तुकडे जुळवणं हे तिचं पोटापाण्याचं काम. तीन खोक्यांतले दोन हजार नऊशे तुकडे एकाच अवाढव्य भांड्याचे आहेत असं तिला वाटत होतं, आणि ते तिच्याखेरीज कुणालाच वाटत नव्हतं. प्रत्येक तुकडा प्रत्येक तुकड्याशी ताडून बघायचा तर ऑफिसच्या कॉम्प्युटरला वर्ष लागलं असतं. या प्रोसेसरमध्ये छप्पन कोअर, म्हणजे एका वेळी छप्पन जण आकडेमोडीला बसल्यासारखे. तीन आठवड्यांत निकाल.

सासऱ्यांनी हात पुढे केला. तिने प्रोसेसर दिला. तो त्यांनी कडांना धरून, दोन बोटांत असा उचलला की तिला आपल्या हातांची लाजच वाटली. इतका वेळ ती त्याला बिस्किटासारखा धरून होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि क्रमांक डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग पुन्हा वाचला.

"ही आमची खेप आहे," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

सासरे सव्वीस वर्षं प्रोसेसर तपासण्याच्या प्रयोगशाळेत होते, हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. मुदतीच्या चार वर्षं आधीच ते घरी का बसले, हे मात्र कुणी धड सांगत नसे. नवऱ्याला विचारलं तर म्हणे, "वाद झाला होता काहीतरी." सासूबाई हयात असताना त्यांना विचारलं, तर त्या विषयच बदलायच्या. अळीमिळी गुपचिळी. आणि आता तो विषय तिच्या टेबलावर येऊन पडला होता. तिला कुठला दम निघायला! ती खनपटीला बसली.

"काय झालं होतं बाबा?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून कुणी नोकरी सोडतं का?"

ते बराच वेळ प्रोसेसर उलटा-सुलटा करत राहिले. मग बोलायला लागले, आणि एकदा लागल्यावर थांबेनात. या खेपेचा एकोणिसावा कोअर एका ठरावीक प्रकारच्या भागाकारात चुकतो. लगेच नाही. चार तास पूर्ण ताकदीने चालवला, चांगला तापला, की मग. त्यांना ती चूक तीनदा दिसली. त्यांनी लेखी दिलं. साहेबांनी दुसऱ्या टेबलावर तपासून घेतलं, तिथे काही आलं नाही. साहेब म्हणाले, तुमच्या टेबलाची वायर सैल असेल. ते म्हणाले, माझं टेबल मी रोज तपासतो. प्रोसेसर बाजारात जायचा दिवस त्यांच्या सहीवाचून दोन महिने लांबला. शेवटी दुसऱ्याच कुणाची तरी सही घेतली गेली, आणि निघताना एक कालचा पोरगा त्यांना म्हणाला, काका, आता आराम करा.

"तो 'आराम करा' अजून कानात आहे बघ," सासरे म्हणाले.

तिला वाईट वाटलं आणि रागही आला. नाकासमोर चालणारा माणूस, दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा दोनदा वाचणारा. त्याला म्हणे वायर सैल.

"एखाद्याच नमुन्यात दोष असेल," ती म्हणाली. "सगळ्यांत असेलच असं कुठंय?"

"नाही. चूक आराखड्यातली आहे. एकात असेल तर सगळ्यांत असणार. नाहीतर कुठल्याच नाही."

हे ते अगदी सहज बोलून गेले. बोलल्यावर दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, आणि दोघांनी टेबलाकडे पाहिलं.

"मग बघूया की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. नवरा सकाळीच मित्राच्या घराला रंग लावायला गेला. सासरे आठ वाजता आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खोलीत हजर. प्रोसेसर बसवताना त्यांनी तिला एक स्क्रू धड लावू दिला नाही. "तिरके घे, तिरके. एक इकडचा, एक समोरचा. एकाच बाजूने आवळलास तर कलेल." पेस्ट मटारच्या दाण्याएवढी नको, प्रोसेसर मोठा आहे, पातळ पसरव, नाहीतर उष्णता बाहेर जायची नाही. मशीन सुरू झालं, पडद्यावर प्रोसेसरच्या नावाच्या जागी चार शून्यं आली, तेव्हा ते हसले. तिने मशीनच्या मुख्य बोर्डासाठी आलेलं नवं अपडेट टाकायला हात पुढे केला, तर त्यांनी तिचं मनगटच धरलं.

"ते टाकू नकोस. नव्या अपडेटमधून नमुन्यांची ओळख काढून टाकतात. मशीन याला ओळखणारच नाही, सुरूच व्हायचं नाही."

तो भागाकार त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी सांगितला, तिने लिहून काढला. छप्पन कोअर तेच गणित सहा तास पुन्हा पुन्हा करणार. प्रत्येकापुढे 'बरोबर' उमटणार, आणि कुणी चुकलाच तर त्याचं चुकलेलं उत्तर.

"आणि चुकलं तर किती येतं?" तिने विचारलं.

"ते नाही सांगणार. सांगितलं तर तुला तेच दिसेल." ते उठले. "आणि मी इथे बसणार नाही. तक्रार ज्याची असते त्याने टेबलापाशी बसायचं नसतं. आमच्याकडे तशी पद्धत होती."

"पण बाबा, इथे कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," ते म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत गेले.

नऊ वाजता तिने बटण दाबलं. पंखे भणभणायला लागले. दहा वाजता तिने चहा नेऊन दिला. त्यांनी 'काय झालं' विचारलं नाही. अकरा वाजता ते मटारच्या शेंगा सोलायला बसले. बारा वाजता तिने डोकावून पाहिलं, तर ते दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत टाकत होते. ती परत फिरली.

तिचं तसं काहीच अडणार नव्हतं. एकोणिसावा नाठाळ निघाला तर त्याला बंद करायचं, पंचावन्न उरतात. भांडं अर्धा दिवस उशिरा जुळेल, एवढंच. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच आपलं मशीन बिघडलेलं निघावं म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती. एक वाजून गेला, चार तास झाले. आता. ती एकोणिसाव्या ओळीवरून नजर हलवेना. बरोबर. बरोबर. बरोबर.

दोन वाजता तिने खिडकी लावून घेतली. अडीचला खोलीतला पंखा बंद केला, मशीनचं झाकण घट्ट बसवलं. घामाने तिची पाठ भिजली. चूक अरे एकदा, ती मनातल्या मनात म्हणाली, एकदाच चूक. तीन वाजले. सहा तास पुरे झाले. तिने ठरल्यापेक्षा आणखी एक तास चालवलं.

चार वाजता छप्पन ओळी होत्या आणि छप्पनच्या छप्पन बरोबर होत्या.

खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. इतकं गुणी मशीन तिला पुन्हा मिळालं नसतं. पण तिच्या डोळ्यांसमोर वेगळंच होतं. नोकरीची सव्वीस वर्षं, नंतर घरी काढलेली सहा वर्षं, आणि बाहेर इस्त्रीच्या शर्टात बसलेला माणूस. त्याला जाऊन काय सांगायचं, की वायर सैलच होती?

तिने पडद्यावरचा निकाल पुसून टाकला आणि बाहेर आली.

सासऱ्यांनी मान वर केली. मटार केव्हाच संपले होते. पातेलं मात्र अजून मांडीवर होतं.

"आली," ती म्हणाली. "एकोणिसाव्यात. पाचव्या तासाला."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचं सगळं सैलावलं आणि क्षणभर ते तिच्या लग्नातल्या फोटोत दिसतात तसे दिसले. पातेलं त्यांनी खाली ठेवलं.

"मी म्हणत होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "मी लेखी दिलं होतं."

"हो बाबा."

"वायर सैल म्हणे."

"हो ना."

ते उठले, खिडकीपर्यंत जाऊन परत आले. शर्टाच्या बाहीने चष्मा पुसला. मग तो डोळ्यांवर चढवता चढवता, सव्वीस वर्षं दिवसातून दहादा विचारत आले असतील तसं, त्यांनी विचारलं,

"किती आलं? शेवटचे दोन आकडे सांग."

तिने सगळ्याचा विचार केला होता. याचा केला नव्हता.

"त्रेसष्ट," ती म्हणाली.

"त्रेसष्ट," सासरे म्हणाले.

ते तिच्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. उलट इतक्या मायेने, की तिला मान खाली घालावी लागली. मग ते सावकाश बसले आणि दाण्यांत पडलेली टरफलं एकेक करून वेचायला लागले.

"मी तो एकोणिसावा बंद करून टाकते," ती घाईघाईने म्हणाली. "पंचावन्न पुष्कळ झाले मला."

"नको," ते म्हणाले. "सगळे चालू ठेव."

"पण बाबा..."

"चालू ठेव गं." त्यांनी एक टरफल बाजूला ठेवलं. "पास आहे तो."