पुढून दोन इंच वर

पिकअप तिच्या हाती येऊन एवढी वर्षं झाली, पण नवऱ्याने गाडीला आपणहून हात लावला तो त्या सुट्टीच्या दिवशी पहिल्यांदाच.

गाडी तिची म्हणायची ती चालवायची म्हणून. कागदोपत्री त्याचीच. कारखान्यात फिटर असताना जोडधंदा म्हणून त्याने ती घेतली होती. मग एकदा ग्राइंडरवरून लोखंडाचा कण उडाला आणि उजवा डोळा गेला. पाठोपाठ नोकरी गेली, लायसनही गेलं. हातावर हात ठेवून बसण्यात अर्थ नव्हता. ती पदर खोचून उभी राहिली, क्लच-गिअर शिकली आणि भाडी मारायला लागली. कपाटं, फ्रीज, फरशीची खोकी, घर बदलणाऱ्यांचा सगळा पसारा. "बाई काय गाडी हाकणार!" म्हणणारे हळूहळू तिलाच फोन करू लागले. नवरा शेजारी बसायचा, मालाला दोऱ्या बांधायचा, पण गाडीबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

त्या दिवशी मात्र तो सकाळीच एक जड खोकं काखेत मारून आला.

"हे काय आणलंत?"

"लेव्हलिंग किट. पिकअप मागून उंच, पुढून नाक खाली घालून उभी असते ना? हे जाड चकत्यांसारखे स्पेसर पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर बसवले की पुढची बाजू दोन इंच वर येते. गाडी कशी सपाट दिसते, रुबाबदार."

"अहो, पण मागून उंच असते ती मालासाठीच. माल चढला की मागची बाजू बसते नि गाडी सरळ होते. आता माल भरला तर नाक आभाळाकडे जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला. "तू बॅटरी धर."

तिने बॅटरी धरली. त्याने चाकाचे नट सैल केले, जॅक लावला, खाली स्टँड सरकवले आणि चाक काढून भिंतीला टेकवलं. ताण बसून फुटू नये म्हणून ब्रेकची नळी सोडवून बाजूला घेतली. शॉकअपचे वरचे नट सुटले, पण खालचा जाडजूड बोल्ट गंजून बसला होता. तेल मारून झालं, ठोकून झालं, बोल्ट जागचा हलेना.

"चढ पान्यावर," तो म्हणाला.

"मी?"

"मग काय शेजारीण? एवढं वजन कमावलंयस, कधीतरी कामाला येऊ दे!"

ती दोन्ही पायांनी पान्यावर उभी राहिली. कर्र करून बोल्ट फिरला आणि ती धपकन त्याच्याच अंगावर आली. दोघंही काळ्या हातांनी तोंड पुसत हसत सुटली. त्याला असं हसताना तिने डोळा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

स्पेसर चढवून शॉकअप परत आत घालायची वेळ आली तेव्हा त्याचा अंदाज चुकू लागला. एका डोळ्याला खोली कळत नाही. तीच वाकून सांगू लागली, "डावीकडे... अजून जरा... हं, बसला!" दुसरं चाक तर निम्म्या वेळात झालं. तिला वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, माणूस पाघळला.

"अलाइनमेंट करून आण," हात धुता धुता तो म्हणाला. "नाहीतर टायर एका अंगाने झिजतील. हेडलाइटही खाली करून घे. मी आंघोळ करतो."

अलाइनमेंटवाला ओळखीचा होता. गाडी रॅम्पवर घेऊन चाकांना पट्ट्या लावता लावता तो सहज म्हणाला, "वहिनी, गाडी चालली म्हणून जीव तुटत असेल, नाही?"

"चालली? कुठे?"

त्याने जीभ चावली. पण सुटलेला शब्द मागे कसा घेणार? गिऱ्हाईक त्याच्याच ओळखीचं होतं. त्याला माल वाहायचाच नव्हता, मिरवायला गाडी हवी होती. पुढून उचलून द्या, मग घेतो म्हणाला होता. तेवढ्यावरच सौदा अडला होता.

ती काम पुरं होईपर्यंत बाकड्यावर बसून राहिली. आपल्याच पोटावर पाय यायचा होता आणि त्याला उजेड दाखवायला आपणच बॅटरी धरली होती.

घरी आली तेव्हा तो नवा शर्ट घालून केस विंचरत होता.

"गाडी विकलीत?"

कंगवा थांबला. "विकली. दादाच्या हार्डवेअरच्या दुकानात भागी घेतोय."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर होऊ दिलं असतंस?"

"मग आज दिवसभर मला कशाला राबवलंत? एखादा मेकॅनिक बघायचा होता."

"मेकॅनिक कशाला? बाकी सगळं काम येतं मला. फक्त भोकं जुळत नाहीत एकट्याला." मग तोच उसळला. "जन्मभर तुझ्या शेजारी बसून दोऱ्याच बांधायच्या? सिग्नलला लोक वळून बघतात. ह्याला काय वाटत असेल, असं एकदा तरी तुझ्या मनात आलं?"

आलं नव्हतं. चूल पेटतेय तेवढं पुष्कळ, असंच ती धरून चालली होती. पण ते कबूल करायला आता तिची जीभ वळेना.

"आणि माझं काय होईल, हे तुझ्या मनात आलं?" ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या तोंडून 'तू' निघालं. तिने तो शब्द फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. गाडीभोवती फिरलं, वाकून चाकांत डोकावलं, खूश होऊन बॉनेटवर थाप मारली. "झकास! बसवलं कुणी?"

"मीच," नवरा म्हणाला. "एकट्याने."

ती दारातच उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

थोरल्या भावाच्या दुकानात भागी मिळाली ती नावापुरती. तो दिवसभर खिळे तोलतो नि दादाची बोलणी खातो. ती एका कंपनीची व्हॅन चालवते, पगारावर, सांगतील तिकडे. जुन्या लोकांचे फोन मात्र अजून येतात. "वहिनी, एक कपाट हलवायचं होतं, कधी येता?"

अशा वेळी ती फोन त्याच्यापुढे धरते.

"नंबर चुकलाय," तो म्हणतो आणि फोन ठेवून देतो.