डब्यात नसलेलं कार्ड

सतराव्या मिनिटाला खेळातला प्रश्न सुटला आणि खोलीत टाळ्या पडल्या. खेळवाली बाई मात्र खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी होती. खाली आवारात टँकर होता, खराखुरा, रिकामा, आणि गेले नऊ दिवस तो जागचा हललेला नव्हता.

मदत संस्थांना एकमेकांशी जुळवून घ्यायला शिकवणं हे बाईचं काम. एक डबा, त्यात कार्डं, लाकडी गाड्या, वाळूचं घड्याळ. एका गटाकडे टँकर, दुसऱ्याकडे पाणी शुद्ध करायचं यंत्र, नदीपलीकडे तहानलेली वस्ती. बोला, देवाणघेवाण करा, वस्ती वाचवा. आजच्या खेळाडूंकडे, दोन संस्था चालवणारे एक साहेब आणि एक मॅडम, यांच्याकडे तर हे सगळं खरोखरच होतं. टँकर साहेबांच्या संस्थेचा, यंत्र मॅडमच्या संस्थेचं, शेजारच्या गोदामात, टँकरपासून वीस पावलांवर. आणि पूर ओसरल्यावर विहिरीचं गढूळ पाणी पिऊन जुलाबानं अंथरूण धरलेली बाईची सख्खी मावशीही खरीच होती, नदीपलीकडे.

"किती सोपं होतं, नाही?" मॅडम म्हणाल्या.

"तुमचं यंत्र, आमची चाकं," साहेब हसले. "संपला विषय."

"मग चला खाली," बाई म्हणाली. "पाइप जोडून टाकू."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "अहो, ते वेगळं," साहेब म्हणाले. "टँकरवर कुणाचा फलक वर लावायचा, त्यावर मंगळवारी बैठक आहे."

"तिसरी," मॅडमनी पुस्ती जोडली. "आमचंही नाव दिसायला हवं ना."

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्यातली निम्मी आग स्वतःवरच होती. डब्यात काय नव्हतं? तुटलेला पूल होता, आजारी मुलं होती, संपलेलं डिझेल होतं. फलक नव्हता. ज्याच्यावाचून यांचं पान हलत नाही तेच सहा वर्षं ती डब्यात घालायला विसरली होती, आणि वर शहाण्यासारखी टाळ्या घेत होती.

तिनं कोरं कार्ड काढलं, त्यावर ठळक 'फलक' लिहिलं, टेबलावर आपटलं आणि घड्याळ उलटं केलं. "आता खेळा."

साहेबांना रस्त्याकडची बाजू हवी होती. मॅडमनाही तीच हवी होती, कारण फोटो तिकडूनच निघतात. वाळू संपली तरी दोघं फलकाच्या लांबीवरच अडून बसलेले. बाईनं सही न केलेली प्रमाणपत्रं उचलून पिशवीत टाकली.

"अहो, ती आम्हाला लागतात," मॅडम दचकल्या. त्या कागदाशिवाय पुढच्या वर्षी दोन्ही संस्थांना निधी मिळणार नव्हता.

"नापास आहात तुम्ही."

"बाई, तुमचंही पोट आमच्यावरच चालतं," साहेब शांतपणे म्हणाले.

"चालतं. उद्या नाही चाललं तर बघेन. माझी मावशी तिकडे भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जाते, आणि तुम्ही इथे बाजू वाटून घेताय? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा. पाणी पोचलं की सही करीन. नाही पोचलं तर अहवालात लिहीन, फलक नव्हता तेव्हा सतरा मिनिटं लागली, फलक आला आणि वस्ती मेली."

 मग मॅडमनी गोदामात फोन लावला. साहेबांनी मान खाली घालून ड्रायव्हरला हाक मारली. दुपारी टँकर भरून निघाला, दोन्ही बाजू कोऱ्या.

बाईनं मावशीला फोन केला. पलीकडून आवाज अगदी खोल गेलेला आला.

"पाणी येतंय? कोणी पाठवलं गं? देव भलं करो त्यांचं."

खाली साहेब आणि मॅडम टँकरच्या रिकाम्या जागेकडे बघत उभे होते. बाईच्या तोंडात शिवी आली होती, ती तिनं गिळली.

"कोणी पाठवलं ते विचारू नकोस, मावशी. बादल्या तेवढ्या बाहेर काढायला सांग."