काळ्या भिंतीची धग

लग्न होऊन म्हाळसाबाई माळेवाडीला नांदायला आली आणि दुसऱ्याच महिन्यात तिने सासरच्या माणसांना हसायला एक कायमचं निमित्त मिळवून दिलं. मेंढरांची लोकर कातरायचे दिवस होते. नवऱ्याच्या, बिभीषणच्या कातरीला धार राहत नव्हती. ही नवी सून मेंढरांमागे माळावर गेली आणि येताना मुठीत मावेल एवढा दगड घेऊन आली. तांबूस काळा, हाताला गुळगुळीत. बिभीषणने त्यावर कातर चार वेळा ओढली, तर दिवस मावळेपर्यंत त्याला पुन्हा दगड धरावा लागला नाही.

"कसला म्हनायचा ह्यो दगड?" सासऱ्याने विचारलं.

म्हाळसाबाईने पदर सावरून सांगितलं, "भाजल्याला हाय."

धाकटा दीर जोतिराम तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. तो म्हणाला, "मग वहिनी, कणसागत मीठ-मिरची लावून आनायचा की. आनि डोंगर भाजायला चूल कुणाची घेतली हुती?"

झालं. त्या दिवसापासून दगडाचं नाव पडलं 'वहिनीचं कणीस'. पुढे छत्तीस वर्षं गेली. वाडीतल्या प्रत्येक कातरकऱ्याच्या पिशवीत एकेक कणीस आलं. सांगोल्याकडचे पाहुणेसुद्धा मागून नेऊ लागले. नेताना सगळे हसायचे, आणि हसले तरी न्यायचेच. दगड कुठून आणते हे म्हाळसाबाई कुणाला सांगत नसे. आणि भाजलेला हा शब्द तिने परत कधी तोंडातून काढला नाही.

यंदा दिवाळीनंतर कातरणी चालू होती. ओढ्याच्या पाण्यात धुतलेली मेंढरं उन्हात सुकत उभी होती. जोतिराम आता पन्नाशीचा, वाडीतला सगळ्यात तरबेज कातरकरी, एक मेंढी आडवी करून बसला होता. तेवढ्यात एक स्कूटर येऊन थांबली. डोक्याला रुमाल बांधलेली, पाठीला पिशवी लावलेली पस्तिशीची बाई उतरली. सोलापूरच्या एका कॉलेजात ती भूगर्भशास्त्र शिकवायची. नाव भार्गवी. आसपासच्या विहिरींत कुठल्या थराला कुठला दगड लागतो, हे लिहून घेत ती गावोगाव हिंडत होती.

पाणी पिता पिता तिची नजर जोतिरामच्या हाताकडे गेली. तो कातरीला धार लावत होता. तिने दगड मागून घेतला, पिशवीतून भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं. मग दगडावर खिळ्याने ओरखडा काढून पाहिला. उठला नाही. तिचा चेहरा एकदम बदलला.

"हा कुठला दगड?"

"आमच्या वहिनीचं कणीस हाय ते," लोकर गोळा करत बसलेल्या म्हाळसाबाईकडे हात करत जोतिराम हसून म्हणाला. "त्या म्हनत्यात, भाजल्यालं हाय म्हनून."

भोवतीची माणसं सवयीने हसली. भार्गवी मात्र हसली नाही. ती वळून म्हाळसाबाईसमोर येऊन उकिडवी बसली.

"मावशी, भाजलेला का म्हणता तुम्ही?"

म्हाळसाबाईच्या हातातली लोकर तशीच राहिली. दगड कसला हे लोकांनी विचारलं होतं, कुठला हेही विचारलं होतं. का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सांगावंसं तिला फार वाटलं, पण मनात दुसरीच भीती उभी राहिली. गेल्या वर्षी खडीच्या क्रशरवाले असेच गोड बोलून शेजारच्या माळावर आले होते, आणि आता तिथे माळ उरला नव्हता.

"दगडं फोडायची असतील तर मला काय म्हाईत न्हाय," ती म्हणाली.

"फोडायची नाहीत, मावशी. मी शिकवते. सात वर्षं मुलांना एक गोष्ट फळ्यावर काढून दाखवते, तापलेल्या दगडाने शेजारची माती कशी भाजून निघते ती. आमच्या कपाटात तिचा एक तुकडा आहे, तोही परमुलखातून आणलेला. आपल्या जिल्ह्यात ती गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. तुम्ही बहुतेक रोज पाहता."

म्हाळसाबाईने तिच्या पायांकडे पाहिलं. चपलेचा पट्टा तुटला होता, तो सुतळीने बांधलेला होता. टाचांना भेगा होत्या. माळ तुडवणाऱ्या माणसाचे पाय तिला ओळखता यायचे.

"चला," ती उठत म्हणाली. "पर मुठीयेवढा तुकडा घ्यायचा. जादा न्हाय."

वाटेत म्हाळसाबाईने आपलं माहेर सांगितलं. सीना नदीच्या काठचं गाव, कडेला वीटभट्ट्या. थंडीच्या दिवसांत मेंढरं मोकळी सोडायच्या आधी पोरी भट्टीपाशी शेकायला जायच्या. भट्टी मोडताना ही तिथेच असायची. जाळाला लागून असलेल्या विटा जळून काळ्या पडत, त्यांना खंगर म्हणत. त्या फुटता फुटत नसत. त्यांच्या पलीकडच्या लाल आणि पक्क्या, एकमेकींवर आपटल्या की खणखण वाजणाऱ्या. अगदी बाहेरच्या मात्र पिवळट, कच्च्या, नखाने उकरल्या तरी माती निघे.

"हितं आल्यावर बघितलं तर तसंच हुतं की," ती म्हणाली. "मग मी बोलले. ल्हान हुते, बोलून गेले."

माळ उतरून दोघी ओढ्यात आल्या. पावसाळ्याच्या पाण्याने काठ कापून उभी दरड तयार झाली होती. दरडीत खाली काळा खडक, वर काळा खडक, आणि मधे माणसाच्या छातीएवढा लाल मातीचा थर. त्या सगळ्याला खालपासून वरपर्यंत कापत जाणारी एक काळी भिंत उभी होती. आठ-नऊ पावलं रुंद, कुणी रचल्यासारखी, पण सांधा कुठेच नाही.

भार्गवी ओढ्याच्या मधोमध थांबली.

"हिकडं या," म्हाळसाबाईने तिचा हात धरून तिला भिंतीपासून दहा पावलं लांब नेलं. "नख लावा."

लाल मातीत नख रुतलं. पाच पावलांवरही रुतलं. भिंतीपासून दोन हातांवर मात्र नख घसरलं. एका हातावर खिळाही घसरला, आणि मातीचा रंग विटेसारखा झाला. भिंतीला अगदी चिकटून तीच माती तांबूस काळी होती. म्हाळसाबाईने खालचे दोन खडे उचलून एकमेकांवर आपटले. खणखणीत आवाज आला.

भार्गवी ओल्या वाळूत मटकन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"बाई, काय झालं?"

"काही नाही मावशी. फार बरं वाटलं."

मग तिने काडीने वाळूत चित्र काढून सगळं सांगितलं. हा सगळा मुलूख वितळलेल्या दगडाचा, एकावर एक थर वाहत येऊन झालेला. दोन थरांच्या मधल्या काळात लाल माती तयार झाली. पुढे केव्हातरी जमिनीला भेग पडली आणि खालचा शिलारस, म्हणजे वितळलेला दगड, त्या भेगेतून वर चढला. तो थिजला तीच ही भिंत.

"किती तापल्याला असंल?"

"तुमच्या वीटभट्टीपेक्षा जास्त. आणि निवायला त्याला पुष्कळ दिवस लागले. तेवढे दिवस त्याची धग शेजारच्या मातीला लागत राहिली. माती वितळली नाही, जागची हललीही नाही. आतल्या आत बदलली. जवळची जास्त, लांबची कमी. तुम्ही म्हणालात तसंच, मावशी. भाजलेली."

"कदी झालं ह्ये?"

"सहा कोटी वर्षांच्या वर झाली."

"म्हंजी आमच्या लग्नाच्या लई आदी," म्हाळसाबाई म्हणाली, आणि दोघी खळखळून हसल्या.

आता म्हाळसाबाईला धीर आला. इतकी वर्षं मनात साठवलेल्या गोष्टी ती एकेक करून काढू लागली. भिंतीचा कडेचा दगड काचेसारखा बारीक आणि मधला खरबरीत कशाने? भार्गवी म्हणाली, कडेचा दगड थंड मातीला लागून झटकन थिजला, मधला सावकाश निवला.

"तुपावानी," म्हाळसाबाई लगेच म्हणाली. "गार पान्यात भांडं ठिवलं तर गुळगुळीत हुतं. चुलीपाशी निवत ठिवलं की रवाळ."

भार्गवीने वही काढून ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

"आनि ह्ये एक सांगा. भिंतीच्या ह्या अंगाला दोन हात भाजलंय, त्या अंगाला वीतभर. असं का?"

भार्गवी पलीकडे गेली, नख लावत परत आली. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

शिकलेली बाई असं सरळ म्हणाली याचं म्हाळसाबाईला फार नवल वाटलं. मग भिंतीकडे बोट करून म्हणाली, "मला काय वाटतंय, सांगू का? भिंत सरळ न्हाय. जरा कललीया. चुलीवरची भाकरी भाजती, चुलीखालची भुई तेवढी भाजत न्हाय. ज्या अंगाची माती भिंतीच्या वर आली, त्या अंगाला धग जादा लागली."

भार्गवीने पिशवीतून कोन मोजायचं यंत्र काढून भिंतीला लावलं. भिंत खरंच कललेली होती. आणि दोन हात भाजलेली बाजू वरची होती.

"हे कारण असू शकतं," ती सावकाश म्हणाली. "तपासावं लागेल. पण हे मला सुचलं नव्हतं, मावशी."

भाजलेल्या मातीचा, भिंतीच्या कडेचा आणि मधला असे तीन तुकडे, सगळे मिळून मुठीएवढे, घेऊन दोघी परतल्या तेव्हा कातरणी संपत आली होती. बिभीषणने चहा ठेवला होता. भार्गवीने सगळ्यांच्या देखत सांगितलं की म्हाळसामावशींचं बोलणं अक्षरशः खरं आहे, दगड भाजलेलाच आहे. मग कसा भाजला ते सांगितलं. माणसं ऐकत राहिली. हातातली मेंढी सुटून पळाली तरी जोतिराम उठला नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "छत्तीस वरसं आमी हसतुया. तुमी परत बोलला का न्हाईत?"

"बोलले हुते की येकदा," म्हाळसाबाई म्हणाली. "तुमचं हसून झाल्यावर बोलनार हुते."

यावर जे हसू उसळलं त्यात सगळ्यात मोठा आवाज जोतिरामचाच होता. संध्याकाळी वहिनीने सांगितलेल्या वाटेने तो एकटा ओढ्याकडे गेला, भिंतीला हात लावून आला आणि येताना दगड आणला नाही.

महिन्याभराने भार्गवीचा फोन आला. तुकड्यांचे काप तयार झाले होते, मावशींनी ते बघायला सोलापूरला यावं. म्हाळसाबाई ठेवणीतलं इरकल नेसली, बिभीषणने फेटा बांधला, आणि दोघं सकाळच्या एसटीने कॉलेजात पोहोचली.

खोलीत पंधरा-वीस मुलंमुली होती. टेबलावर सूक्ष्मदर्शक होता आणि काचेच्या पट्ट्यांवर दगडाचे काप, कागदाहून पातळ. म्हाळसाबाईने भिंगाला डोळा लावला. आधी नुसता अंधार दिसला. भार्गवीने चकती फिरवली आणि एकदम निळे, पिवळे, गुलाबी रवे उजळले. आडवे-उभे, एकमेकांत घुसलेले.

"अगं बाई," ती पुटपुटली. "काळ्या दगडाच्या पोटात ह्ये?"

"आता दुसरा बघा. दोन्ही भिंतीचेच आहेत. एक कडेचा, एक मधला. कुठला कुठला ते मी सांगत नाही."

म्हाळसाबाईने दुसरा काप पाहिला. त्यात रवे जवळजवळ नव्हतेच, नुसतं काळं, मधूनच एखादा ठिपका. "ह्यो कडंचा," ती म्हणाली. "गार पान्यातलं तूप."

मुलांनी भार्गवीकडे पाहिलं. भार्गवीने मान हलवली. मग एका मुलीने हात वर करून विचारलं, मावशी, तूप म्हणजे कसं? आणि म्हाळसाबाई उभी राहून सांगायला लागली. भट्टी, खंगर, चूल, भाकरी, सगळं. आधी आवाज जरा कापत होता, मग खणखणीत झाला. फळ्यावरची आकृती पाहून तिने सांगितलं की भिंत सरळ काढली आहे, ती कललेली पाहिजे. भार्गवीने ती पुसून नीट काढली.

तोवर बिभीषण सूक्ष्मदर्शकाला जो चिकटला होता, तो उठायला तयार नव्हता. मुलांनी मागे रांग लावली तरी तो एकच म्हणत होता, "थांबा की जरा, बगू द्या."

परतीच्या एसटीत म्हाळसाबाईच्या शेजारी ईरम्मा नावाची बाई बसली होती. चिंचोळीच्या कारखान्यात कामाला होती, दमलेली होती. तिने सहज विचारलं, कुठे गेला होता? म्हाळसाबाईने सांगायला सुरुवात केली. पुढच्या बाकावरच्या दोघांनी माना वळवल्या. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता रेंगाळला. ईरम्माचा थांबा आला तसा बिभीषणने तिला आठवण करून दिली.

"आलंय व्हय?" ती उठत म्हणाली, पण दारात जाऊन परत वळली. "आनि त्या लाल मातीचं काय झालं, ते तेवढं सांगा की."