सात वेळा

गाजर चिरता चिरता त्यांनी हात पुसले, चष्मा सारखा केला आणि पुन्हा सुरी घेतली. पस्तीस वर्षं लेथ मशीनवर लोखंड कापलेला माणूस. तुकडे अगदी एकसारखे पडत होते, फक्त वेळ फार लागत होता. पाय केव्हाचे भरून आले होते.

रविवारी लेक येऊन गेली, तेव्हापासून हे सुरू झालं. कचऱ्याच्या डब्यात कोंबलेली बर्गरची खोकी तिनं एकेक करून बाहेर काढली होती.

"बाबा, आठवड्यातून किती वेळा मागवता?"

"दोनदा. फार तर तीनदा."

"सात वेळा," पलंगावरून बायकोच बोलली.

लेक चिडली नाही, मटकन खाली बसली. तेच त्यांना जास्त लागलं. बायकोला अर्धांगाचा झटका येऊन पाच महिने झाले होते. उजवा हात अजून उचलता येत नव्हता. जिनं उभ्या जन्मात घरात बाहेरचं येऊ दिलं नाही, तिच्यापुढे रोज तेच खोकं. पहिल्यांदा दवाखान्यातून परतताना दमले म्हणून घेतलं होतं. मग आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड. रोजचं कधी झालं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

सोमवारी सूप करपलं, मंगळवारी खारट झालं. आज जमलं. तिला उशीला टेकवून बसवत त्यांनी चमचा पुढे केला. चार घोट तिनं मुकाट्यानं घेतले.

"कसं झालंय?"

"चांगलं झालंय." ती थोडं थांबली. "अहो, ते बर्गर आता बंदच का?"

त्यांना हसू आलं. "एवढा आवडला होता?"

"आवडायला काय आहे त्यात? नुसता चिवट पाव. पण खोकं आलं की झालं. उद्या काय करायचं, हा घोर नाही."

"तुला तर स्वयंपाकाची केवढी हौस!"

"कोण म्हणालं?"

चमचा तसाच हातात राहिला.

"बेचाळीस वर्षं केला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "एक दिवस मनापासून आवडला नाही."

"मग कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कामावरून यायचात, तेव्हा तुमच्यात बसायचंही त्राण नसायचं. काय बोलणार?"

वाटीतलं सूप निवत चाललं. त्यांनी तिची हनुवटी पुसली, वाटी खाली ठेवली.

"बरं, उद्या काय..." ते सवयीनं म्हणाले आणि मध्येच थांबले.

तिनं डोळे मिटून घेतले होते.

"उद्याचं मी बघतो," ते म्हणाले.