शेवग्याचा खुराक

देवसिंगनं घमेल्याला लाथ मारली. मक्याचा भरडा, त्यात कालवलेली शेवग्याच्या पाल्याची भुकटी, लसूण, हळद, सगळं शेडभर उधळलं. शहामृगाचं चौथं पिल्लू त्याच्या पायाशी मरून पडलं होतं.

“सांग तुह्या सुनेले,” तो बायकोला म्हणाला. बंजारा तांड्याच्या रीतीनं तो सुनेशी थेट बोलत नसे. त्याचा रागही वळसा घालून यायचा. “हा पाला आजपासून बंद!”

“मी तं पह्यलेपासून सांगून राह्यली,” हंसाबाई सुनेवर उखडली. “पाखराले कायले लसूण-हळद? भाजी करून राह्यली का तू?”

बबिताची कानशिलं तापली. वीस पिल्लं तिनं स्वतःच्या भरवशावर आणली होती. पाला तोडायला ती, वाळवायला ती, कुटायला ती. पंधरा दिवस सगळी ठणठणीत होती. मग सासू नेरहून, लेकीकडून परतली आणि रोज संध्याकाळी पिल्लांत जाऊन बसू लागली. पिल्लं तिच्या छातीशी चोची मारत. “माया करून राह्यले मले,” म्हणत ती हसायची. लाड हिनं करायचे आणि बोलणी बबितानं खायची!

“याडी, त्याईले सांगा,” सासूला म्हणताना बबिताचा आवाज चढला, “पाल्यानं मेलं असन तं उद्याच शेड मोडते. पण आधी पाहू द्या.”

तिनं विळ्यानं पिल्लाचं पोट चिरलं. देवसिंग मागे सरकला. आत चिमूटभर हिरवा पाला होता. दाणे दळणारी पाथरी मात्र टणक लागली. ती कापली तशा तीन गोल काचा बबिताच्या तळहातावर आल्या. नखाएवढ्या, कडेला लाल दोरा अडकलेल्या.

हंसाबाईचा हात अंगातल्या आरसे जडवलेल्या चोळीवर, कांचळीवर गेला. आरशांच्या ओळीत सात-आठ जागा रिकाम्या होत्या. नुसते दोरे लोंबत होते.

देवसिंग शेडबाहेर गेला. बबितानं काचा सासूच्या हातात ठेवल्या आणि सांडलेला खुराक गोळा करायला बसली.

सकाळी ती आली तेव्हा हंसाबाई शेडच्या दाराशीच बसली होती. अंगात लेकाचा जुना शर्ट होता. मांडीवर कांचळी घेऊन ती ब्लेडनं एकेक आरसा उसवत होती.

“हे सारे काढले का मंग येऊ ना आतमंधी?” तिनं मान वर न करता विचारलं.

“पह्यले काढा,” बबिता म्हणाली आणि शेडमध्ये जाऊन तिनं आतून कडी लावली.