तलावावरची हिरवी होडी

मित्रांनो, सौंसरकडे आलात तर संत्र्याचे बगीचे जागोजागी दिसतील, पण शिडाची होडी सहसा दिसायची नाही. मी तशी एक आहे. जुनी, सागवानी, जेमतेम तीन माणसांची.

बोरगावच्या भिवाजी सुतारांनी मला घडवलं. माझे मालक सुखदेव रामाकोना गावाजवळच्या तलावावर चौकीदार होते. त्यांच्या बायकोनं, कुसुमबाईंनी, मांजरपाटाचं शीड मशीनवर शिवलं. संध्याकाळी वारा सुटला की दोघं मला पाण्यात ढकलत. त्यांची लहानगी वैशाली मधे बसून शेंगा खाई. काठावरची माणसं थांबून बघत, तेव्हा मला फार अभिमान वाटे. दर उन्हाळ्यात सुखदेव माझ्या फटींत कापसाची वात ठासत, जवसाचं तेल पाजत आणि हिरवा रंग देत.

मग कुसुमबाईंना कावीळ झाली. त्यांना नागपूरला नेलं, तिथून त्या परत आल्याच नाहीत. त्यांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला, आणि दुसऱ्या दिवशी सुखदेवनी मला बैलगाडीत घालून घरी आणलं. चिंचेखाली पालथं टाकलं आणि पाठ फिरवली. त्या घरात पुन्हा कुणी कुसुमबाईंचं नाव काढलं नाही. वैशाली मोठी झाली, सौंसरच्या शाळेत शिकवू लागली. माझ्या रंगाचे पापुद्रे सुटले, तळाची एक फळी वाळवीनं खाल्ली. कोंबड्या माझ्याखाली अंडी घालू लागल्या.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सुखदेव आपणहून माझ्याजवळ आले. हातातल्या पात्यानं रंग खरवडू लागले. आवाज ऐकून वैशाली बाहेर आली.

"बाबा, काय करून राहिले?"

"तुही माय माहेरून येऊन राहिली ना! होडी अशी दिसली तं रागावन ते."

वैशाली जागच्या जागी थांबली. बाबा अलीकडे गोष्टी विसरत, हे तिला ठाऊक होतं. आई गेल्याचंही ते विसरले, हे तिला त्या सकाळी कळलं. तिनं काचकागद उचलला आणि त्यांच्या शेजारी बसून मला घासू लागली.

मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना सगळं आठवत असतं, तर त्यांनी मला हातही लावला नसता. हे माझ्या मनातून जाईना.

कुजलेली फळी बदलली. फटी बुजल्या, तेल मुरलं, हिरवा रंग चढला. काम करताना सुखदेव बोलत राहिले. कुसुम सुरुवातीला पाण्याला कशी भ्यायची, भाजीत मीठ पडलं नाही तर आपणच कशी हसायची. आईबद्दल एवढं वैशालीनं कधीच ऐकलं नव्हतं. ती पुन्हा पुन्हा विचारी आणि पदरानं डोळे पुशी.

रंग वाळल्यावर मला तलावावर नेलं. सुखदेव मात्र काठावरच उभे.

"बसा ना, बाबा."

"थांब वं. कुसुमले येऊ दे."

ऊन कललं. वैशालीनं त्यांचा हात हातात घेतला. "बाबा, माय नाही येत. ते गेली. मी आठवीत होती तवा."

सुखदेव पाण्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "मी होतो काय तिच्याजवळ?"

"हव बाबा. तुमच्याच हातात तिचा हात होता."

ते तिथंच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. वैशालीही रडली. आई गेल्यापासून दोघं एकमेकांसमोर प्रथमच रडत होती. मी पाण्यावर डोलत होते. एकही थेंब आत शिरत नव्हता, पण माझ्यात बसायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या सकाळी सुखदेवनी पुन्हा विचारलं, "कुसुम कवा येते?" वैशाली त्यांच्याजवळ बसली. तिनं हलकेच सगळं पुन्हा सांगितलं. आता तिला हे रोज सांगावं लागतं.

मित्रांनो, लाकडाच्या वस्तूंना वेळच्या वेळी तेल-रंग द्या, आम्ही पुष्कळ वर्षं साथ देऊ. आणि घरातलं माणूस गेलं, तर त्याचं नाव घेणं थांबवू नका. ज्यांना आठवतं, ते जवळ आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.